बाटलीत ठेवलेला पाऊस

गेल्या श्रावणातली गोष्ट. मंडईतून भाजी घेऊन घरी आले, तर सासूबाई झोपाळ्यावर गप्प बसलेल्या. फोन समोरच्या स्टुलावर उपडा ठेवलेला. म्हटलं, "काय झालं आई?"

"अगं, चार वेळा वाजला. चारही वेळा आपला आपणच बंद पडला. ते हिरवं वर सरकवायचं ना? मी सरकवत होते. पण ते सरकतच नाही मेलं!"

फोन वन्संचा होता, नागपूरहून. त्यांच्या लेकीला पहाटे मुलगी झाली होती आणि ही बातमी सगळ्यांत आधी आपल्या आईला सांगायची, म्हणून त्या दवाखान्याच्या व्हरांड्यातून सारख्या फोन लावत होत्या. पणजी झाल्याची बातमी शेवटी आईंना मी सांगितली, तासाभरानं. त्यांनी देवापुढे साखर ठेवली, शेजारीपाजारी वाटली, सगळं हौसेनं केलं. पण रात्री झोपताना फोन माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "हा आता तुझ्याकडेच राहू दे. मला नाही बाई जमत."

मला नाही बाई जमत! हे वाक्य तुमच्याही घरात कुणी ना कुणी म्हणत असेल. कदाचित तुम्ही स्वतःच म्हणत असाल. एटीएमसमोर, बँकेतल्या पासबुकाच्या यंत्रासमोर, मुलानं हौसेनं आणलेल्या टीव्हीच्या नव्या रिमोटसमोर. आणि म्हणताना उगीचच ओशाळं व्हायला होतं.

पण मी आईंच्या हातांकडे बघत राहिले. याच हातांनी चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलंय. अख्ख्या आळीचे ब्लाऊज यांनी शिवले. पायानं पायटा, उजव्या हातानं चाक, डाव्या हातानं कापड आणि तोंडानं माझ्या नवऱ्याचे पाढे घेणं, हे सगळं एकाच वेळी चालायचं. आज शहात्तराव्या वर्षी डोळे अधू झालेत, तरी कापड चिमटीत धरून सुती की टेरिकॉट, ते अंधारातही सांगतात. ज्या बाईच्या हातांना एवढं कळतं, त्या हातांना एक हिरवं बटण सरकवता येऊ नये? चुकतंय कोण, हात की फोन?

काचेला न कळलेली बोटं

मग मी जरा खोदून पाहिलं. आपल्या स्मार्टफोनच्या काचेखाली एक अगदी पातळ, पारदर्शक थर असतो. त्यात अत्यंत सौम्य वीज खेळत असते. आपल्या शरीरातूनही वीज वाहू शकते. त्यामुळे बोट काचेला टेकलं की त्या जागी विजेचं गणित किंचित बदलतं आणि फोनला कळतं, इथे बोट लागलं. म्हणजे तुम्ही किती जोरात दाबता याच्याशी त्याला बहुतेक वेळा काही घेणंच नसतं. म्हणूनच नखानं टकटक केलं किंवा हातात जाड मोजा असला, तर फोन ढिम्म हलत नाही.

आता सुया टोचून टोचून, भांडी घासून, भाकऱ्या थापून घट्टे पडलेली बोटं घ्या. वयानं कातडी कोरडी झालेली. अशा बोटाचा परिणाम काचेवर कमी होतो आणि कधीकधी काचेला ते जाणवतच नाही. त्यातून आपल्या पिढ्यान्पिढ्यांची सवय काय? बटण म्हणजे नीट, दाबून धरायचं. काचेवर मात्र दाबून धरण्याचा अर्थ वेगळा, टिचकी मारण्याचा वेगळा आणि सरकवण्याचा आणखी वेगळा. आणि हे सगळं एकाच गुळगुळीत काचेवर! तिला ना कड, ना खाच, ना उंचवटा. फोन उचलायची जागा आणि फोन तोडायची जागा, बोटाला दोन्ही सारख्याच लागतात. डोळ्यांनी बघितल्याशिवाय हातांना काही म्हणजे काहीच कळत नाही.

रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून ताटकळलेल्या बायका आपण पाहिल्यात. तिथेही तेच. आयुष्यभर कष्ट करून ज्या बोटांच्या रेषा झिजल्या, नेमकी तीच बोटं यंत्राला ओळखू येत नाहीत. म्हणजे ज्यांनी हातांनी सगळ्यांत जास्त काम केलं, त्यांनीच यंत्रापुढे खाली मान घालायची. हा कुठला न्याय?

हे ठरवलं कुणी?

संगणकाशी बोलायचं कसं, हे काही आकाशातून पडलेलं नाही. माणसांनीच ते ठरवलं. कीबोर्ड आला टाइपरायटरवरून. अक्षरांची ती उलटीपालटी रांग १८७० च्या दशकातल्या अमेरिकन टाइपरायटरची. आज आपल्या मोबाइलवर इंग्रजी लिहितानाही तीच रांग समोर येते! माऊस आला १९६० च्या दशकात. डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये पहिला माऊस तयार केला. लाकडाचा ठोकळा, खाली दोन चाकं आणि वर एकच बटण. १९६८ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तो लोकांना दाखवला, तेव्हा सगळे चकित झाले होते.

हे सगळं ठरलं ते कचेरीसाठी. खुर्चीत बसून, समोर टेबल घेऊन, डोळे एका जागी लावून काम करणाऱ्या माणसासाठी. ज्याचे दोन्ही हात रिकामे आहेत, त्याच्यासाठी. आता सांगा, आपले दोन्ही हात कधी रिकामे असतात? एक कणकेत तर दुसरा कढईवर!

पण असा प्रश्न जगात कुणालाच पडला नाही, असंही नाही. एका माणसाला पडला, आणि तोही त्याच्या आईमुळे.

आईच्या मण्यांचा आवाज

हिरोशी इशिई हे जपानचे. आपल्याकडे हल्ली गल्लोगल्ली अबॅकसचे क्लास निघालेत ना, त्या मण्यांच्या पाटीचं जपानी नाव सोरोबान. इशिई लिहितात, की ही पाटी त्यांच्या हाती पडली तेव्हा ते दोन वर्षांचे होते. इतक्या लहान मुलाला हिशेबाशी काय देणंघेणं? त्याच्या लेखी ती पाटी म्हणजे खुळखुळा, तीच आगगाडी आणि पाठ खाजवायलाही तीच! आकडे तिथे कागदावर नव्हते, ते मणी होते. त्यांना हात लावता येत होता, सरकवता येत होतं, त्यांचा आवाज ऐकता येत होता.

याच आठवणीतली आणखी एक गोष्ट मला फार आवडली. त्यांची आई घरखर्चाचा हिशेब करायला बसली, की मण्यांचा खटखट आवाज घरात ऐकू यायचा. तो आवाज चालू आहे तोवर आई कामात आहे आणि आता 'माझ्याशी खेळ' म्हणून हट्ट करायचा नाही, हे त्या पोराला न सांगता कळायचं. आईला "थांब रे जरा" म्हणावंही लागायचं नाही.

हा मुलगा मोठा होऊन संगणकाचा संशोधक झाला आणि १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये दाखल झाला. तिथे त्यांनी जो गट उभा केला, त्याचं कामच हे, की संगणकातली माहिती काचेमागून बाहेर काढायची आणि हातात धरता येईल, चाचपता येईल अशा वस्तूंमध्ये आणायची. १९९७ मध्ये ब्रिग उल्मर या विद्यार्थ्यासोबत त्यांनी ही कल्पना एका शोधनिबंधात मांडली आणि या विषयाची एक वेगळी शाखाच जगभरात सुरू झाली.

तरी या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे एका बाटलीची. इशिईंच्या आईनं आयुष्यात कधी संगणक सुरू केला नव्हता, माऊसला हात लावला नव्हता. तिला एवढंच हवं असायचं, की उद्या हवा कशी असेल ते कळावं. आता एवढ्याशा गोष्टीसाठी त्या बाईनं संगणक शिकायचा? इशिईंच्या मनात आलं, आईला काय येतं? तिला सोया सॉसची बाटली उघडता येते. स्वयंपाकघरात रोज ती बाटली हाताळते, बूच काढते, वास घेते. मग हवामानाचा अंदाज बाटलीतच भरून दिला तर? आईनं बूच काढावं आणि आतून पाखरांची किलबिल ऐकू आली, की उद्या ऊन. पावसाचा आवाज आला, की उद्या पाऊस. बस्स! शिकायचं काही नाही, लक्षात ठेवायचं काही नाही आणि लाजायचंही काही नाही.

ही हवामानाची बाटली त्यांना आईला भेट द्यायची होती. पण १९९८ मध्ये आई गेली. भेट द्यायची राहूनच गेली.

पुढे १९९९ च्या सुमारास त्याच कल्पनेतून त्यांच्या गटानं संगीताच्या बाटल्या तयार केल्या. एका खास टेबलावर काचेच्या तीन बाटल्या. एकीचं बूच काढलं की व्हायोलिन, दुसरीचं काढलं की चेलो, तिसरीचं काढलं की पियानो. तिन्ही उघडल्या की पूर्ण मैफल आणि बूच लावलं की तो सूर बंद. बाटल्यांना ना वायर, ना सेल. बाटलीत आणि बुचात लहानशा खुणेच्या पट्ट्या असतात. टेबलाखालच्या तारेच्या वेटोळ्याला त्यावरून कळतं, कुठली बाटली ठेवलीय, कुठल्या बाटलीचं बूच निघालंय. संगणक आहेच, पण तो टेबलाखाली लपलेला. बघणाऱ्याच्या हातात फक्त बाटली.

मार्क वायझर नावाच्या संशोधकानं १९९१ मध्ये लिहिलं होतं, की खरं मुरलेलं तंत्रज्ञान ते, जे दिसेनासं होतं. आपण दुकानाची पाटी वाचतो तेव्हा 'मी आता लिपी वापरते आहे' असं कुठे मनात येतं? तसं संगणकाचं व्हायला हवं. वायझर १९९९ मध्ये गेले. इशिईंनी २००४ मध्ये या बाटल्यांवरचा निबंध लिहिला, तो त्यांच्याच स्मृतीला वाहिला. त्यात आईची ती न दिलेली भेटही आहे. एका शास्त्रज्ञाच्या लिखाणात सोया सॉसची बाटली आणि आई! वाचताना मला सारखे आमच्या आईंचे चार हुकलेले फोन आठवत होते.

पदराची गाठ

आणि मग वाटलं, यात आपल्याला नवीन काय आहे? हे तर आपण घरोघर करत आलोय!

आठवा, आपल्या आज्या पदराला गाठ मारायच्या. दळण आणायचंय, मारली गाठ. संध्याकाळी पदर खोचताना गाठ हाताला लागली, की "अगो बाई, दळण!" काय लक्षात ठेवायचं ते डोक्यात, पण आठवण करून देणारी वस्तू हाताशी. जपाची माळ घ्या. एकशेआठ मणी. आकडा मोजायचा नाही, मेरुमणी बोटाला लागला की माळ पूर्ण झाली. डोळे मिटलेले असले तरी चालतं.

कुकरचंच बघा. आपण बाहेरच्या खोलीत केर काढत असतो, मुलाला शुद्धलेखन सांगत असतो आणि कानाचा एक कोपरा शिट्ट्या मोजत असतो. तिसरी झाली, गॅस बंद! इशिईंच्या आईच्या मण्यांसारखंच हे. मिसळणाच्या डब्यात हळदीची वाटी कुठे आणि मोहरीची कुठे, हे आपण बघत नाही, हात आपोआप तिकडे जातो. दुसऱ्या कुणी वाट्या हलवल्या, की फोडणीत पंचाईत. लग्नाच्या घरात वाणसामान देताना मोठी काकू प्रत्येक पायलीमागे एक सुपारी बाजूला ठेवायची. मोजणारीला कुणी मध्येच हाक मारली तरी सुपाऱ्या मोजल्या की हिशेब जागेवर.

गंमत म्हणजे हीच सुपारीची युक्ती लंडनमध्ये १९९२ मध्ये एका तरुण डिझायनरनं वेगळ्या रूपात मांडली. रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधल्या डरेल बिशप यांनी निरोप घेणाऱ्या टेलिफोन यंत्राचा एक नमुना तयार केला. तुम्ही घरी नसताना फोन आला आणि पलीकडच्यानं निरोप ठेवला, की यंत्रातून एक गोटी बाहेर येऊन ओळीत बसते. घरी आलात, तीन गोट्या दिसल्या, म्हणजे तीन निरोप. गोटी उचलून एका खळग्यात ठेवली की निरोप ऐकू येतो. तीच गोटी फोनच्या खळग्यात ठेवली, की निरोप ठेवणाऱ्याला आपोआप फोन लागतो. काम झालं की गोटी परत यंत्रात. आणि निरोप नवऱ्यासाठी असेल, तर त्याची गोटी त्याच्या वाटीत टाकून ठेवायची! मेनू नाही, पासवर्ड नाही, 'एक दाबा, दोन दाबा' नाही.

ते यंत्र काही बाजारात आलं नाही. पण आजही या विषयाचे विद्यार्थी त्या गोट्यांपासून सुरुवात करतात.

मग बाजारात हे का मिळत नाही?

रास्त प्रश्न आहे. कारणंही साधी आहेत. बाटली एकच काम करते. गोटी हरवते, सोफ्याखाली जाते, धाकटा तोंडात घालतो. आणि काच? तीच काच घटकेत कॅमेरा, घटकेत बँक, घटकेत टीव्ही होते. नवीन सोय द्यायची तर कारखान्यात काही बदलावं लागत नाही, आतलं चित्र बदललं की झालं. कंपनीला ते स्वस्त पडतं. आपल्यालाही एका फोनच्या पैशात शंभर गोष्टी मिळतात. मी स्वतः रोज त्याच काचेवर विजेचं बिल भरते, लेकाचे कॉलेजचे फॉर्म भरते. काच वाईट असं मी कशी म्हणू?

पण सगळंच काचेवर टाकलं की काय होतं, याचा एक जीवघेणा अनुभव अमेरिकेच्या नौदलानं घेतला. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ 'जॉन एस. मॅकेन' या युद्धनौकेची एका तेलवाहू जहाजाशी टक्कर झाली. दहा नौसैनिक मृत्युमुखी पडले. चौकशीत निघालं, की सुकाणू आणि वेग यांचा ताबा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर द्यायचा तो टचस्क्रीनवरून, आणि त्या गोंधळात कुणाच्या हातात काय आहे हेच खलाशांना कळेना. सुकाणूच निकामी झालं असं त्यांना वाटलं. शिक्षण अपुरं होतं, हेही एक कारण होतंच. पण पुढे नौदलानं आपल्या लोकांना विचारलं, तर त्यांनी स्पष्ट सांगितलं, की आम्हाला हातात धरता येईल असा दांडा द्या. २०१९ मध्ये नौदलानं त्या जातीच्या नौकांवर टचस्क्रीनऐवजी पुन्हा खरेखुरे दांडे बसवायचं जाहीर केलं.

तीच गोष्ट मोटारींची. युरोपात गाड्यांची सुरक्षितता तपासून तारे देणारी 'युरो एनकॅप' ही संस्था आहे. तिनं २०२६ पासूनच्या नियमांत ठरवलं, की पूर्ण पाच तारे हवे असतील तर इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे अशा गोष्टींसाठी हाताला लागणारी बटणं किंवा दांडे हवेत. कारण काय, तर काचेवर बटण शोधताना नजर रस्त्यावरून हटते.

मी हे आईंना मुद्दाम सांगितलं. युद्धनौकेवरच्या खलाशांचं काचेपुढे चालेना, तिथे आपलं काय घेऊन बसलात! त्या पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे मी एकटीच अडाणी नाही म्हण की!"

आपल्याकडेही

हा विचार सातासमुद्रापलीकडेच चालतो असं नाही. पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचं केंद्र आहे. तिथे प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ च्या सुमारास 'कीलेख' नावाचा कीबोर्ड तयार केला होता. त्यामागचा विचार अगदी आपल्या घरातला. मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला क ख ग घ, च छ ज झ या ओळी पाठ असतात. मग कळाही त्याच ओळींत मांडा ना! म्हणजे 'भ' कुठे असेल ते शोधावं लागत नाही, 'प'च्या ओळीत असणार हे ठाऊकच असतं. पुढे २०१३ मध्ये त्याच केंद्रातून मोबाइलसाठी 'स्वरचक्र' आलं. अक्षरावर बोट ठेवलं, की भोवती काना-मात्रा-वेलांट्यांचं चक्र उमटतं. आहे ते काचेवरच, पण बाराखडी घोकलेल्या माणसाला त्याची ओळख पटते. इंग्रजी टाइपरायटर शिकून मग मराठी लिहायचं, हा उफराटा प्रकार नाही.

आणि खरी गंमत बघायची तर आपल्या मंडईत जा. भाजीवाल्या मावशींच्या टोपलीशेजारी आताशा एक लहानशी पेटी असते. आपण फोनवरून पैसे पाठवले, की ती पेटी मोठ्यानं सांगते, इतके रुपये मिळाले. २०१९ च्या सुमारास या पेट्या आपल्याकडे आल्या आणि बघता बघता सगळीकडे पसरल्या. आधी काय व्हायचं? पैसे आले का ते बघायला मावशींनी ओले, मातीचे हात पुसायचे, फोन काढायचा, चष्मा शोधायचा, मेसेज वाचायचा. तोवर चार गिऱ्हाइकं खोळंबायची. एखादं जुनंच चित्र दाखवून पसार व्हायचं. आता एक हात तराजूवर, एक हात मेथीच्या जुडीवर आणि कान पेटीकडे. पेटी मराठीतही बोलते. वाचता येत असो वा नसो, फसवणूक होत नाही. कुणाला शिकवावंही लागलं नाही.

आमच्या नेहमीच्या मावशींना मी विचारलं, "बरं पडतं का हो हे?" त्या म्हणाल्या, "ताई, त्ये बोलतंय म्हणून धंदा चाललाय. न्हाईतर आमी काय आकडं वाचत बसायचं व्हय?"

बघा, मावशींना संगणक 'येतो' का? त्यांच्या लेखी तो प्रश्नच नाही. त्या पेटीच्या आत संगणकच आहे, पण मावशींना बदलायला लागलं नाही. यंत्र बदललं.

लाल दोरा

आता तुम्ही म्हणाल, पुढे काय झालं आईंच्या फोनचं?

पवईला किंवा अमेरिकेला जाऊन मी काही बाटली करून आणू शकत नव्हते. पण लेकाला सांगितलं, "आजीला सरकवायला लागणार नाही असं काहीतरी शोध." त्यानं कपाटातून वायरचे जुने इअरफोन काढले. त्याच्या वायरीवर बोलायच्या जागी एक खरंखुरं बटण असतं. फोन वाजला की ते एकदा दाबायचं, फोन उचलला जातो. बोलून झालं की पुन्हा दाबायचं. काचेला हातच लावायचा नाही! इअरफोनचं एकच बोंडूक कानात, दुसरं गळ्यात लोंबकळू दे.

आईंनी हातात घेऊन पाहिलं. दाबून पाहिलं. टिच्च आवाज झाला. "हे कळतंय हो बोटाला," म्हणाल्या. पण लगेच त्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नाही. "अरे, ही वायर काळी, बटणही काळं. घाईत सापडायचं कसं?" उठल्या, शिलाईच्या डब्यातून लाल दोरा काढला आणि बटणाच्या बरोबर वर चार वेढे देऊन घट्ट गाठ मारली. आता वायरीवरून बोट खाली येतं, गाठीला अडतं आणि गाठीखाली बटण. दिव्याचीही गरज नाही.

लेक बघतच राहिला. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे तो. म्हणाला, "आजी, हे आमच्या सरांना दाखवायला पाहिजे."

मला वाटतं, खरंच दाखवायला पाहिजे. आपल्या घरांतून असे कितीतरी लाल दोरे असतील. रिमोटच्या एका बटणावर लावलेलं नेलपॉलिश, मिक्सरच्या झाकणावरची चुन्याची रेघ, गिझरच्या बटणावर चिकटवलेली टिकली. आपण त्याला जुगाड म्हणून हसतो. पण यंत्र आणि माणूस यांच्यामधली अडचण जिनं ओळखली आणि हाताशी असेल त्या वस्तूनं दूर केली, तिनं नेमकं तेच केलं, जे मोठमोठ्या प्रयोगशाळांतून चालतं. फरक एवढाच, की तिला कुणी विचारलं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी दुकानात फोन, मिक्सर किंवा वॉशिंग मशीन घ्यायला जाल, तेव्हा फक्त रंग आणि किंमत बघू नका. डोळे मिटून एकदा हात फिरवून बघा. बोटाला काही कळतं का? घरातल्या ज्येष्ठ बाईला सोबत न्या, तिला हाताळू द्या. आणि तिला जमलं नाही, तर तिला नाही, दुकानदाराला विचारा, की हे असं का केलंय? घरातली मुलं कॉलेजात काही प्रोजेक्ट करत असतील, तर त्यांना म्हणावं, सुरुवात आजीच्या हातांपासून करा. इशिईंनी तशीच केली होती.

बारशाच्या दिवशी सकाळीच फोन वाजला. नागपूरचा. मी आत पुरणाला चटका देत होते, दोन्ही हात अडकलेले. "आई, घेता का?" म्हणेपर्यंत बाहेरून टिच्च असा आवाज आला आणि पाठोपाठ आईंचा खणखणीत आवाज: "हॅलो, पणजी बोलतेय!"